साठच्या दशकातले अमेरिकन कृष्णधवल 'सेक्सप्लॉइटेशन' चित्रपट: बोलणारा माणूस पडद्यावर का दिसत नाही, आणि दाखवायची प्रत कशी निवडायची? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

चौकट

मंडळी, आमच्या फिल्म क्लबसाठी डॉरिस विशमनच्या 'बॅड गर्ल्स गो टू हेल' (१९६५) वर टिपण लिहितोय. सोबत तुलनेला जो सार्नोचा 'सिन इन द सबर्ब्स' (१९६४) घ्यायचा विचार आहे. न्यूयॉर्कच्या या स्वस्त, नग्नता आणि वासना विकणाऱ्या चित्रपटांची बदनामी सगळ्यांना माहीत असते, पण ते कसे बनायचे यावर मराठीत काही मिळत नाही. तीन गोष्टी अडल्या आहेत.

एक, विशमनच्या चित्रपटात दोन माणसं बोलत असताना कॅमेरा मध्येच बुटांवर, टेबललॅम्पवर, पडद्यावर जातो. जो बोलतोय तो सोडून बाकी सगळं दिसतं. याचं नेमकं तांत्रिक कारण काय?

दोन, हेच निर्माते १९६०-६१ मध्ये रंगीत चित्रपट काढत होते. मग १९६४ नंतर उलटे कृष्णधवलकडे का वळले? 'स्वस्त पडतं' एवढं उत्तर पुरेसं वाटत नाही.

तीन, याच जातकुळीच्या एका चित्रपटाच्या दोन डिजिटल प्रती समोर आहेत. एक ६५ मिनिटांची, चौकोनी चौकटीतली. दुसरी ६२ मिनिटं २४ सेकंदांची, रुंद चौकटीतली. छोटी प्रत कापलेली आहे असं गृहीत धरू का?

मूव्हिओला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

या चित्रपटांचं बरंचसं शूटिंग मुकं व्हायचं. ॲरीफ्लेक्ससारखा हलका ३५ मिमी कॅमेरा हातात धरून चालवता येतो, पण त्याचा आवाज शिलाई मशीनसारखा असतो. तो दाबायचा तर वर ब्लिंप, म्हणजे आवाज अडवणारं खोकं, चढवावं लागतं. मग कॅमेरा जड होतो, ट्रायपॉड लागतो, रेकॉर्डिस्ट लागतो, बूम धरणारा लागतो, आणि खाली रस्त्यावर हॉर्न वाजला की टेक वाया जातो. दोन-तीन माणसांच्या युनिटला हे झेपत नाही. आपल्याकडेही ॲरी टू-सी (ॲरीफ्लेक्सचंच एक मॉडेल) आल्यावर डबिंग सरसकट झालं ते याच आवाजामुळे. फरक एवढाच की आपल्याकडे सेटवर पायलट ट्रॅक (नुसता संदर्भासाठीचा आवाज) घ्यायचे आणि मग नट स्टुडिओत येऊन त्यावर ओठ जुळवायचे. न्यूयॉर्कच्या या निर्मात्यांकडे त्या जुळवण्याचेही पैसे नव्हते.

ओठ जुळवायचे म्हणजे काय, ते बघा. दृश्याचे दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येकाचं टोक टोकाला जोडून लूप करायचं, तो प्रोजेक्टरवर गोल गोल फिरवायचा आणि नट शब्द बसवेपर्यंत थांबायचं. ६५ मिनिटांच्या चित्रपटात अर्धा वेळ बोलणं असेल तर दीडशेच्या आसपास लूप होतात. प्रत्येक लूपला पाच-सहा प्रयत्न धरा आणि स्टुडिओच्या तासांचा हिशेब करा. शिवाय जवळच्या शॉटमध्ये चूक फार लवकर पकडली जाते. एक फ्रेम म्हणजे ४२ मिलिसेकंद. 'प', 'ब', 'म' असे ओठ मिटणारे वर्ण दोन-तीन फ्रेम सरकले तरी प्रेक्षकाला खटकतं.

विशमनने यावर काढलेला उपाय म्हणजे ओठ दाखवायचेच नाहीत. ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवा, बोलणाऱ्याची पाठ दाखवा, फोनवर बोलत असेल तर रिसीव्हर ओठांसमोर येऊ द्या, आणि काहीच जमत नसेल तर पाय, दिवा, शोभेची बाहुली. मग संवाद लूपशिवाय, नुसते कागदावरून वाचून टेपवर घेता येतात आणि संकलनात कुठेही सरकवता येतात. लांब पडले तर दिव्याचा शॉट दोन सेकंद वाढवा, तोकडे पडले तर कापा. संवाद शूटिंगनंतर बदलता येतो हा आणखी एक फायदा. कथेत भोक राहिलं असेल तर पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य घातलं की काम भागलं.

ही एकच पद्धत होती असं नाही. १९६४ च्या 'व्हाइट स्लेव्ह्ज ऑफ चायनाटाउन' आणि 'ओल्गाज हाउस ऑफ शेम' मध्ये संवादाचा भार निवेदकावर टाकलाय. एक गंभीर आवाज सगळं सांगत राहतो आणि खाली मुकं चित्र. त्याआधी रस मेयरचा 'द इम्मॉरल मिस्टर टीज' (१९५९, हा मात्र रंगीत) असाच निवेदनावर चालला होता. आणि तिसरा मार्ग ऑरिकॉनचा. हा १६ मिमीचा कॅमेरा, आवाज त्याच फिल्मच्या कडेला घेणारा. ओठ आपोआप जुळतात, पण संकलनात नड येते. फिल्मवर असा छापलेला (ऑप्टिकल) आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे असतो. म्हणजे चित्र जिथे कापाल तिथे आवाज सेकंदभरापेक्षा जास्त पुढचा कापला जातो. म्हणून अशा चित्रपटांत नट बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर उगाच थांबलेले दिसतात. कात्रीसाठी ठेवलेली जागा आहे ती.

टिपणात एक गोष्ट जरूर लिहा: ओळखायचं असेल तर शांततेकडे कान द्या. सिंक साउंडमध्ये, म्हणजे शूटिंगच्या वेळीच घेतलेल्या आवाजात, दोन वाक्यांच्या मध्ये खोलीचा आवाज असतो, पंख्याचा, रस्त्याचा. इथे वाक्य संपलं की मागे काहीच उरत नाही, आणि ते भोक बुजवायला जॅझची रेकॉर्ड सुरू होते. संगीत तयार लायब्ररीतलं, चित्रपटासाठी बांधलेलं नाही. म्हणून ते दृश्याच्या चढउताराकडे लक्ष न देता आपल्या लयीत पुढे जातं, आणि कटवर अधल्यामधल्या ठेक्यावर तुटतं.

फूटकँडल

दुसऱ्या प्रश्नात 'स्वस्त पडतं' हे खरंच अपुरं उत्तर आहे. फिल्मच्या किमतीपेक्षा उजेडाचा हिशेब महत्त्वाचा.

१९६० च्या आसपासचे त्यांचे रंगीत चित्रपट पाहा. न्यूडिस्ट कॅम्प, फ्लोरिडा, भर ऊन. सूर्य फुकट असतो. १९६४ नंतर कथा शहरातल्या खोल्यांत शिरली. विशमन तर स्वतःच्या फ्लॅटमध्ये शूट करायची. आता त्या खोलीत रंगीत शूट करायचं ठरवा. १९६२ मध्ये आलेल्या ईस्टमन कलर ५२५१ या फिल्मची गती (उजेड टिपण्याची क्षमता) टंगस्टनखाली, म्हणजे पिवळसर दिव्याखाली, ५०. त्याच कंपनीची कृष्णधवल डबल-एक्स ५२२२ (१९५९ पासूनची) टंगस्टनखाली २००. म्हणजे पुरते दोन स्टॉप, चौपट उजेड.

आकड्यांत: गती १००, भिंग एफ/२.८ वर, सेकंदाला २४ फ्रेम धरून साधारण १०० फूटकँडल (उजेड मोजायचं एकक) लागतात. म्हणजे डबल-एक्सला ५० पुरतात, रंगीतला २०० हवेत. घरगुती सर्किट १२० व्होल्ट, १५ अँपिअरचं धरलं तर कमाल १८०० वॅट. ५०० वॅटचे तीन फोटोफ्लड (शूटिंगचे प्रखर बल्ब) लावले की १५०० झाले, चौथा लावला की फ्यूज उडाला. तीन दिव्यांत कृष्णधवल खोली आरामात उजळते. रंगीतसाठी बारा लागले असते. त्यासाठी वेगळी लाइन, जनरेटर किंवा स्टुडिओ आलाच.

आणि रंगांची भानगड वेगळी. खिडकीतून निळसर दिवस, आत पिवळा दिवा, स्वयंपाकघरात ट्यूब. रंगीत फिल्मवर एकाच चेहऱ्याचे दोन रंग होतात, ते टाळायला खिडकीवर नारिंगी जेल चिकटवावं लागतं. कृष्णधवलला हे तिन्ही सारखेच, नुसता करडा. भिंतीचा रंग, सोफ्याचा रंग, पॅचवर्क मेकअप, सगळं खपून जातं. एकाच फ्लॅटमधलं सामान हलवून तो दुसरं घर म्हणून वापरला तरी पटकन लक्षात येत नाही.

आणखी एक कारण बाजाराचं. त्या काळात बाकीचे छोटे निर्माते रंगीतकडे पळाले कारण पुढे टीव्हीला चित्रपट विकायचा होता आणि टीव्हीला रंग हवा होता. हे चित्रपट टीव्हीवर जाणारच नव्हते. त्यामुळे तो रेटा यांच्यावर नव्हता.

तुलनेला सार्नो घेताय हे फार योग्य. त्याच तुटपुंज्या दिव्यांत तो उलट काम करतो. एकच दिवा बाजूने, बाकीची खोली काळोखात सोडलेली, आणि कॅमेरा चेहऱ्यावर थांबलेला. विशमन चेहऱ्यावरून नजर काढते, सार्नो तिथून हलत नाही. दोन्ही चित्रपटांतला एकेक संवाद-प्रसंग लागोपाठ दाखवा, अर्धं टिपण तिथेच होईल.

चौकट

दोघांचेही आभार. बारा दिव्यांचा हिशेब जसाच्या तसा टिपणात घेतो. एक उपप्रश्न: कथा शहरातल्या खोल्यांत का शिरली? ऊन फुकट होतं तर तिथेच का नाही राहिले? आणि १९६४ नंतर एवढी मारहाण, बळजबरी कुठून आली?

परवाना_खिडकी

याचं उत्तर कोर्टात आहे.

१९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने 'गार्डन ऑफ ईडन' या न्यूडिस्ट कॅम्पवरच्या चित्रपटाबाबत निकाल दिला की नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे. त्यातून उन्हातले, व्हॉलीबॉल खेळणारे रंगीत चित्रपट निघाले. पण मुभा होती ती नग्नतेला, तीही कामवासनेपासून तोडलेल्या. चार-पाच वर्षांत प्रेक्षक कंटाळला. कथा हवी, तणाव हवा. आता नग्नता आणि वासना एकत्र आणली तर खटला. हिंसेचं मात्र तसं नव्हतं, अश्लीलतेचा कायदा मारहाणीकडे बघतच नव्हता. म्हणून निर्मात्यांनी शरीर झाकलं आणि थप्पड वाढवली. हर्शेल गॉर्डन लुईसचा 'स्कम ऑफ द अर्थ' (१९६३) या वळणाचा सुरुवातीचा नमुना मानतात, मग 'लोर्ना' (१९६४), 'द डिफायलर्स' (१९६५). अमेरिकेत या गटाला 'रफी' म्हणतात. हे चित्रपट आज बघताना अंगावर येतात ते उगाच नाही. स्त्रीवरची बळजबरी तिथे विक्रीचा माल आहे, आणि टिपणात ते स्पष्ट शब्दांत यायला हवं.

१ मार्च १९६५ ला फ्रीडमन विरुद्ध मेरीलँड खटल्याचा निकाल लागला. त्याआधी काही राज्यांत चित्रपट दाखवण्यापूर्वी मंडळाचा परवाना लागायचा आणि नकार मिळाला तर निर्मात्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बंदी घालायची असेल तर मंडळाने स्वतः झटपट कोर्टात जावं आणि सिद्ध करावं. न्यूयॉर्कची परवाना पद्धत त्याच वर्षी कोसळली. मेरीलँडचं मंडळ नियम बदलून १९८१ पर्यंत तग धरून राहिलं. 'बॅड गर्ल्स गो टू हेल' चं साल १९६५ आहे, ते या पार्श्वभूमीवर वाचा.

आता तुमच्या प्रतींशी संबंधित मुद्दा. परवाना गेला तरी स्थानिक पोलीस, सरकारी वकील होतेच, आणि प्रत्येक शहराची सहनशक्ती वेगळी. त्यामुळे वितरक एकाच चित्रपटाच्या 'गरम' आणि 'थंड' अशा दोन आवृत्त्या बाळगायचे. काही वेळा दोन्हींसाठी वेगळे शॉट घेतलेले असायचे, कपड्यांसह आणि कपड्यांविना. म्हणजे 'मूळ, न कापलेली' अशी एक प्रत असतेच असं धरून चालू नका.

१९६५ पूर्वीच्या चित्रपटांसाठी एक उत्तम साधन आहे. न्यूयॉर्क राज्याच्या अभिलेखागारात चित्रपट परवाना विभागाची १९२१ ते १९६५ ची प्रकरणं जपून ठेवली आहेत. अर्जासोबत संवादांची पूर्ण संहिता द्यावी लागायची, आणि मंडळाने काय काढायला लावलं तेही फाइलला असतं. 'सिन इन द सबर्ब्स' च्या काळासाठी तिथे शोध घ्या. त्या काळी परवान्यासाठी वेगळं नाव, वितरणात वेगळं नाव हे सर्रास चालायचं, म्हणून शोध नावावर न थांबता निर्मात्याच्या नावानेही करा.

रीळवाला

तिसरा प्रश्न माझा. तुमची छोटी प्रत बहुतेक कापलेली नाहीच.

६५ मिनिटांना ०.९६ ने गुणा: ६२.४. म्हणजे ६२ मिनिटं २४ सेकंद, बरोबर तुमचा आकडा. युरोपातल्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ ने चालवला की तो चार टक्के लवकर संपतो. खात्री करायची असेल तर दोन्हींत एकच संगीताचा तुकडा लावा. छोट्या प्रतीत सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढा लागेल (कोणी हस्तांतर करताना दुरुस्त केला नसेल तर). मग सुरुवातीपासून दहाव्या मिनिटाची खूण घ्या. मोठ्या प्रतीतला १०:०० चा कट छोटीत ९:३६ ला यायला हवा, २०:०० चा १९:१२ ला. हे गुणोत्तर एका ठिकाणी अचानक मोडलं तर तिथे काहीतरी गेलंय.

कुठे जातं तेही ठरलेलं असतं. २००० फुटांच्या रिळावर ३५ मिमीची जास्तीत जास्त २२ मिनिटं मावतात, व्यवहारात १६ ते २०. रिळाचा शेवट जवळ आला की उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका येतो, चार फ्रेमपुरता; ऑपरेटरला पुढचं रीळ सुरू करायची ती खूण. पहिला सुमारे आठ सेकंद आधी, दुसरा सेकंदभर आधी. रिळाची टोकंच सर्वांत जास्त घासतात, तुटतात, आणि ऑपरेटर तुटका भाग काढून पुन्हा जोडतो. म्हणून अठरा-वीस मिनिटांच्या आसपास फ्रेम-फ्रेमने बघा. पहिला ठिपका दिसला आणि दुसरा येण्याआधीच दृश्य बदललं, तर तेवढे सेकंद कायमचे गेले. दोन प्रती वेगवेगळ्या प्रिंटवरून आल्या असतील तर एकीत गेलेलं दुसरीत सापडतं.

आता चौकट. हे चित्रपट साध्या ३५ मिमी निगेटिव्हवर १.३७ च्या चौकटीत (रुंदी उंचीच्या १.३७ पट) घ्यायचे आणि थिएटरात प्रोजेक्टरच्या गेटमधली पट्टी वर-खाली झाकून १.६६ किंवा १.८५ करायची. चौकोनी प्रतीत तुम्हाला दिसतंय ते बऱ्याचदा प्रेक्षकाने कधीच पाहिलेलं नसतं: डोक्यावर रिकामी भिंत, कधी दिव्याच्या स्टँडचं टोक. पण उलट चूकही होते. १.३७ साठीच बांधलेल्या चौकटीला नंतर कोणी रुंद करतं आणि कपाळं छाटली जातात. तपासायची रीत सोपी आहे. चौकोनी प्रत १४४० बाय १०८० ची असेल तर वरून आणि खालून १५१-१५१ ओळी काळ्या करा, हे १.८५ झालं. १०६-१०६ केल्या तर १.६६. सर्वांत जवळचे चेहरे आणि शीर्षकांच्या पाट्या या दोन जागी बघा. शीर्षकाची अक्षरं काळ्या पट्टीत अडकत असतील तर ती चौकट चुकीची. विशमनच्या बाबतीत पायांचे शॉट उपयोगी पडतात. बुटाचं टोक कापलं जात असेल तर पट्टी जास्त झालीय.

दाण्याकडेही, म्हणजे फिल्मवरच्या बारीक ठिपक्यांच्या पोताकडे, लक्ष द्या. मूळ निगेटिव्हवरून किंवा पहिल्या पिढीच्या प्रिंटवरून आलेल्या प्रतीत काळ्या कोटातही घडी दिसते. डुप्लिकेटचं डुप्लिकेट असेल तर काळं सपाट काजळ होतं आणि गाल पांढरेफटक. चित्रपटाच्या मध्येच चार-पाच शॉट असे भडक आणि दाणेदार दिसले, मागे-पुढे स्वच्छ असले, तर तो नंतर घातलेला तुकडा. वर परवाना_खिडकी यांनी सांगितलेल्या गरम-थंड आवृत्त्यांचा सांधा तो. तुमच्या टिपणासाठी असा एक सांधा शोधून दाखवलात तर लोकांच्या चटकन लक्षात येईल.

या चित्रपटांच्या नशिबी एक चांगली गोष्ट आली. त्याच काळातल्या ईस्टमन कलरच्या प्रिंटमधला निळा-हिरवट रंग उडून जातो आणि सगळं गुलाबी उरतं. कृष्णधवलची प्रतिमा चांदीची असते, नीट धुतलेली असेल तर ती टिकते. मात्र बेस ॲसिटेटचा. ओलसर उकाड्यात तो आंबतो, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते आणि वाकते. एक टक्क्याच्या आसपास आकसली की साध्या प्रोजेक्टरचे दात तिची छिद्रं फाडायला लागतात.

फूटकँडल

रीळवाला, एक भर. रुंद प्रतीवर पट्ट्या टाकून तपासता येणार नाही, कारण कापलेलं परत येत नाही. म्हणून तुलना करताना चौकोनी प्रत पायाभूत धरा.

चौकट

९:३६ ची खूण तंतोतंत जुळली, १९:१२ ची पण. तिसऱ्या रिळाच्या शेवटी मात्र छोट्या प्रतीत दुसरा ठिपका नाही आणि एक वाक्य अर्धं तुटलंय. मोठीत ते पूर्ण आहे. अक्षरंही १.६६ मध्ये व्यवस्थित बसतात, १.८५ मध्ये खालची ओळ जाते. म्हणजे मोठी प्रत घेतो आणि १.६६ ची पट्टी लावतो. हक्क आणि प्रमाणपत्राचं काय करावं लागेल?

परवाना_खिडकी

भारतीय कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६४ च्या चित्रपटाची मुदत २०२४ अखेर, १९६५ च्याची २०२५ अखेर संपते. पण संहिता आणि संगीत यांचे हक्क स्वतंत्र मोजले जातात, आणि लायब्ररी संगीताचा मालक अनेकदा वेगळाच असतो. शिवाय नव्या डिस्कवरचं प्रास्ताविक, उपशीर्षकं, समालोचन हे नवं काम आहे. म्हणून डिस्क काढणाऱ्या संस्थेला लेखी विचारा. सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र किंवा रीतसर सूट लागते, तो अर्ज कार्यक्रमाची जाहिरात करण्याआधी करा.

आणि प्रेक्षकांना आधीच सांगा की 'बॅड गर्ल्स गो टू हेल' मध्ये बळजबरीची दृश्यं आहेत. निमंत्रणातच लिहा, दारावर नको, म्हणजे ज्यांना यायचं नाही ते घरूनच ठरवतील.

मूव्हिओला

शेवटी एक विनंती. विशमनचे पायांचे शॉट दाखवताना हॉल हसणार, तेव्हा लगेच पुढे जाऊ नका. नायिका एका घरातून पळून दुसऱ्या घरात आसरा घेते, तिथेही तेच, मग तिसऱ्या घरात. शेवटी ते स्वप्न ठरतं आणि जागेपणी पुन्हा तीच सुरुवात. या सगळ्यात बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही, म्हणजे कोण खरं बोलतंय हे नायिकेला जसं कळत नाही तसं आपल्यालाही कळत नाही. पैसे वाचवायला काढलेली युक्ती इथे कथेच्या भीतीला जाऊन मिळते. एक प्रसंग आवाज बंद करून दाखवा, मग चित्र झाकून फक्त आवाज ऐकवा, मग दोन्ही एकत्र. तीन मिनिटांचा तुकडा पुरेल.